पुढच्या वेळी नक्की

“ताई, आपला प्रभाग नेमका कुठून कुठपर्यंत येतो हो?”

त्या मुलीनं हे विचारलं तेव्हा नाजिमा अत्तार नारायण पेठेतल्या पक्षकार्यालयाचा जिना उतरत होती आणि पर्सची अडकलेली चेन ओढत होती. पर्समध्ये एबी फॉर्म होता. पक्षाची अधिकृत उमेदवार हीच, असं निवडणूक अधिकाऱ्याला सांगणारा तो कागद. त्या कागदासाठी वरच्या मजल्यावर सकाळपासून माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत उभी होती, आणि नाजिमाला मात्र तो साडेअकरालाच, चहाच्या कपाबरोबर, हातात मिळाला होता. महापालिकेसाठी अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. घाई होती, तरी ती थांबली. मुलगी तिशीची असेल. कोरी साडी, खांद्यावरची पिन इतकी वर लावलेली की मान वळवताना टोचत असणार. अशा नव्या मुलींना नाजिमा नेहमी थांबून उत्तर द्यायची, कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच जिन्यावर तिनं एका माणसाला मुतारी कुठे आहे विचारलं होतं आणि त्यानं ‘पाटी वाचता येत नाही का’ म्हणून पाटी नसलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं. “नदीकाठचा डीपी रस्ता धरा,” ती म्हणाली, “तिथून वर कॅनॉल रोडपर्यंत. खाली कॉलेजची भिंत, आणि पलीकडे वारज्याकडे जाणारा चौक.” मुलगी मोबाइलवर टिपून घेत होती. “कॅनॉलमध्ये पाणी असतं?” “आता नसतं. आता तो रस्ताच आहे.” “आणि वस्त्या?” “तीन. त्यातल्या एकीत गल्ली इतकी अरुंद आहे की प्रचाराला दोघादोघांनीच जायचं, नाहीतर मतदाराला घरातून बाहेर पडता येत नाही.” मुलगी हसली. छान हसली. “थँक्यू हं ताई. मी दीपाली. अ गटातून आहे मी, तुमच्याच पॅनेलमध्ये.”

नाजिमाचा हात चेनवरच राहिला. प्रभागात जागा चार. क गट महिलांचा खुला, तो तिचा. अ गट अनुसूचित जातीतल्या महिलेसाठी राखीव, आणि अ गटात शालन ओव्हाळ होती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पक्षात लिहून कुणी काही देतच नाही, पण कर्वेनगरात रिक्षावाल्यापासून देवळाबाहेरच्या फुलवालीपर्यंत सगळ्यांना ते माहीत होतं. या मुलीला कर्वेनगरच माहीत नव्हतं. नाजिमा जिना परत चढली. चौथ्या-पाचव्या पायरीशी तिला जाणवलं की आपल्याला राग आलेला नाही, फक्त तोंडाला कोरड पडली आहे. शहराध्यक्ष अभयराव खिडकीशी उभे राहून दोन फोनवर आलटून पालटून बोलत होते. ते सभ्य गृहस्थ होते, कुणालाही अहो-जाहोच करत, आणि त्यांच्या सभ्यपणामुळे त्यांच्याशी भांडायला कुठून सुरुवात करावी ते समजत नसे. “भेटलात ना दीपालीला? मुलगी चुणचुणीत आहे. तिचे यजमान परवा आपल्याकडे आले. येताना चार प्रभागांतली माणसं घेऊन आले, त्यामुळे एवढं करणं भाग होतं.” “आणि शालन?” अभयरावांनी एक फोन खिशात टाकला. म्हणजे विषय नाजूक होता. “शालनताईंना आपण सांगा. आपलं ऐकतात त्या.” “काय सांगू?” “तेच,” अभयराव म्हणाले, आणि अगदी मनापासून, आजारी माणसाला बरं वाटेल म्हणावं तसं म्हणाले, “पुढच्या वेळी नक्की.”

रिक्षा लकडी पुलावर आली तेव्हाही ते शब्द तिच्या कानात होते, पण आवाज अभयरावांचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. मागच्या निवडणुकीत, नऊ वर्षांपूर्वी, हेच तिनं शालनला सांगितलं होतं. तेव्हाही अ गट आयत्या वेळी दुसऱ्याच बाईला गेला होता, तेव्हाही शालन तिचं ऐकते म्हणून नाजिमाला पाठवलं होतं, आणि तिनं ते काम इतकं चांगलं केलं होतं की पक्षाच्या मोठ्या साहेबांनी सभेत तिचं नाव घेतलं होतं. शालनच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, शालनचा हात हातात घेऊन ती म्हणाली होती, पुढच्या वेळी नक्की, माझा शब्द. शालन ‘बरं’ म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पत्रकांचा गठ्ठा काखोटीला मारून ती नाजिमाच्या दारात उभी होती. नाजिमा आठशे मतांनी निवडून आली, आणि त्यातली किमान पाचशे शालननं जिना चढून-उतरून आणलेली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. पुढची वेळ यायला पाच वर्षं लागायला हवी होती. निवडणुका पुढे गेल्या, कोर्टात अडकल्या, महापालिकेवर प्रशासक आला, नाजिमा माजी झाली, शालनची मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली, आणि पाचाची नऊ झाली. या नऊ वर्षांत शालननं एकदाही ‘माझं काय झालं’ असं विचारलं नव्हतं. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं नाजिमाला आता, नळस्टॉपच्या सिग्नलला, वाटलं. न विचारणाऱ्या माणसाला उत्तर देता येत नाही. ते उत्तर आपल्यापाशीच पडून राहतं, आणि लग्नात, मयतीत, बचत गटाच्या हळदीकुंकवात, ती बाई समोरून साडीचा पदर सावरत आली की आधी तेच डोळ्यांसमोर येतं. रिक्षावर मेट्रोची सावली पडली, उठली, पुन्हा पडली. डिसेंबरातलं ऊन होतं, अंगावर घ्यावंसं. नाजिमानं मनात वाक्य जुळवायला घेतलं. ‘शालन, पक्षाची अडचण झालीय.’ नको. ‘शालन, तुझ्या नावाला विरोध कुणाचाच नव्हता, पण.’ पणच्या पुढे काय येतं ते तिला तोंडपाठ होतं. भाषणाआधी बसते तशी ती ताठ बसली, आणि घसा साफ केला. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

शालनचं घर कॅनॉल रोडच्या खालच्या बाजूला, दोन खोल्यांचं, आणि पुढची खोली म्हणजे तिची खानावळ. कॉलेजातल्या, गावाकडून आलेल्या मुलींचे डबे ती करते. ओळीनं मांडलेले चाळीस डबे, त्यांत बटाट्याची भाजी वाढत शालन ओणवी होती. दारामागच्या खुंटीला इस्त्री केलेली पांढरी, निळ्या काठांची साडी लटकत होती आणि टेबलावर लाल प्लास्टिकची फाइल होती. त्या फाइलमध्ये जात वैधता प्रमाणपत्र आहे, प्रतिज्ञापत्र आहे, घरात संडास असल्याचा दाखलासुद्धा आहे, हे नाजिमाला ठाऊक होतं, कारण यादी तिनंच लिहून दिली होती. “बसा भाभी,” शालन वर न बघता म्हणाली. “चहा टाकते. एवढ्या ओळीत भाजी वाढून होऊ द्या.” नाजिमा बसली. पळी भांड्यावर आपटत होती, एक डबा, दुसरा डबा, आणि प्रत्येक डब्यागणिक नाजिमाचं जुळवलेलं वाक्य थोडं थोडं सांडत गेलं. “तुला कळलंय?” तिनं विचारलं. “अकरा वाजताच. सुखदेवना चौकात कुणीतरी अभिनंदन केलं म्हणे, नवीन उमेदवार मिळाल्याबद्दल.” सुखदेव तिचा नवरा, महापालिकेत पाणी सोडायच्या कामावर. शालन सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून तिनं पाठ ताणली. “मागं तुम्ही आला होतात ना भाभी, तेव्हा मी तुमच्यासमोर रडले नव्हते. तुम्ही गेल्यावर रडले. आज म्हटलं आधीच उरकून घ्यावं, तुम्ही आल्यावर वेळ जायला नको. सांगा काय सांगायचं ते. मला डबे पाठवायचेत.”

नाजिमानं तोंड उघडलं. अठ्ठावीस वर्षांच्या सरावानं जीभ टाळ्याला बरोबर लागली होती, ‘पु’ म्हणायला ओठ मिटलेसुद्धा होते. आणि तिला ऐकू आलं की ती म्हणतेय, “साडी नेस.”

“काय?”

“साडी नेस. अर्ज भरायचाय. एक वाजायला आलाय.”

शालन पळी हातात धरून तशीच उभी. भाजीचा रस पळीवरून तिच्या बोटांवर ओघळला. “अपक्ष?” “अपक्ष. दोघी. तू अ मधून, मी क मधून.” हे दुसरं वाक्य कुठून आलं ते नाजिमाला अजिबात कळलं नाही, ते तिच्या मनात रिक्षात नव्हतं, जिन्यात नव्हतं, आत्ता दाराशी चप्पल काढतानाही नव्हतं. शालन हळूहळू, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, “भाभी, तुमचं तिकीट आहे. पर्समध्ये आहे. मी एकटी उभी राहते. तुम्ही पक्षात राहून मला आतून मदत करा की.” “आतून मदत मी नऊ वर्षं करतेय,” नाजिमा म्हणाली. “आणि पक्षात राहिले तर उद्यापासून त्या पोरीचा हात धरून तुझ्या वस्तीत मलाच यायचंय, हिला मत द्या म्हणून. तुझ्या दारावरून कशी जाऊ?” “काढून टाकतील तुम्हाला.” “टाकू देत.” शालननं पळी भांड्यात ठेवली. मग एकदम तिनं चाळीस डब्यांकडे पाहिलं. “आणि हे कोण भरणार?” दोघी खाली बसल्या. नाजिमानं पोळ्या घातल्या, शालननं झाकणं लावली, दहा मिनिटांत चाळीस डबे झाले. इतक्या वेगानं नाजिमानं आयुष्यात काही केलं नव्हतं. शेवटचं झाकण लावताना तिच्या छातीत काहीतरी विचित्र झालं. बरगड्यांच्या मधे, डावीकडे, काहीतरी हलकं, वर सरकणारं. बीपी, तिला वाटलं. चोपन्न वय, सकाळपासून फक्त चहा. तिनं पर्स उघडून गोळी शोधली. एबी फॉर्म आडवा आला, तो बाजूला सारून तिनं गोळी घेतली. उपयोग झाला नाही. ते हलकं होतं तसंच राहिलं.

अर्ज संगणकावर भरून त्याचा कागद छापून न्यायचा असतो. नाजिमाचा छापलेला होता, पण त्यावर पक्षाचं नाव होतं, शालनच्याही अर्जावर होतं. संजयच्या झेरॉक्सच्या दुकानात दोघी शिरल्या तेव्हा तो जेवायला उठत होता. “नवीन भरायचाय,” नाजिमा म्हणाली. तो पुन्हा बसला, बोटं पुसली. “पक्ष?” “अपक्ष.” संजयची बोटं थांबली. त्याच्या दुकानावरचा फलक, ज्यावर पक्षाच्या चिन्हाशेजारी नाजिमाचाच हसरा फोटो होता, गेली सात वर्षं तिथे होता. त्यानं फलकाकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही, फक्त म्हणाला, “स्पेलिंग तेच ठेवू ना?” पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. सर्व्हर मंद होता, सगळ्या शहराचे अपक्ष बहुधा एकाच वेळी उगवले होते. नाजिमानं घरी फोन लावला. घरात ती आणि नवरा एजाज आपली हिंदी बोलत, पण राजकारणाचं बोलणं पहिल्यापासून मराठीत व्हायचं, जणू ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं असावं. “अहो, संजयच्या दुकानात या. सूचक म्हणून सही पाहिजे.” “काल केली ना.” “कालची रद्द. अपक्ष भरतेय.” पलीकडे टीव्हीवर क्रिकेट चालू असल्याचा आवाज, मग तो बंद झाल्याचा. एजाज तीस वर्षं पीएमटीत कंडक्टर होता आणि कुठल्याही प्रवाशानं काहीही म्हटलं तरी त्याचा चेहरा हलत नसे. “स्वेटर घालून येऊ का तसाच येऊ?” त्यानं विचारलं. नाजिमाला हसू फुटलं. हसताना ते छातीतलं हलकं आणखी वर, गळ्यापर्यंत आलं आणि तिच्या लक्षात आलं की हे बीपी नव्हे. पण मग काय, ते तिला ओळखू येईना. खूप वर्षांनी भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव मात्र आठवत नाही, तसं ते झालं होतं.

निवडणूक कार्यालयाच्या फाटकाशी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी ते चौघं पोचले. दोघी बायका, स्वेटर घातलेला एजाज, आणि हातात पाण्याच्या व्हॉल्व्हची लांब किल्ली घेऊन कामावरून तसाच आलेला सुखदेव. पोलिसानं किल्ली बाहेर ठेवायला लावली. आत रांग. रांगेत शालन पुढे होती. नाजिमा तिच्या पाठीकडे बघत होती. नव्या साडीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या, मानेवर बटाट्याच्या भाजीतली एक मोहरी चिकटली होती. नाजिमानं ती बोटानं काढली. शालन वळली नाही. तिचे कान तांबडे झाले होते. तिचा अर्ज घेतला, तपासला, शिक्का मारला. मग नाजिमाची पाळी. टेबलापलीकडची अधिकारी बाई तिला ओळखत होती. पाच वर्षं महापालिकेत जाणं-येणं. “तुमच्या पक्षाचे तिघं मघाशीच येऊन गेले,” ती म्हणाली आणि कागद उलटताना थांबली. “अपक्ष?” मग घड्याळाकडे बघून, आवाज खाली आणून, “मॅडम, एबी फॉर्म जोडायचा असेल तर अजून अकरा मिनिटं आहेत.”

पर्स मांडीवर होती. चेन उघडीच होती, दुपारपासून ती लागलीच नव्हती. वरच्या कडेला कागदाची घडी दिसत होती, हात घातला की झालं. अकरा मिनिटं. नाजिमाला वाटलं होतं की या क्षणी तिला साहेब आठवतील, सभा आठवतील, पहिल्यांदा सभागृहात बसली तेव्हाची खुर्चीची गादी आठवेल. त्याऐवजी आठवलं ते खडकवासला. ती अकरा वर्षांची, शाळेची सहल, बाईंनी काठाशी ओळीनं बसवलेलं, पाण्यात कुणी जायचं नाही, पायसुद्धा घालायचा नाही. आणि ती उठली होती. कुणी ढकललं नव्हतं, कुणी पैज लावली नव्हती. चपला काढून, सलवारीसकट, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत ती चालत गेली होती. पाणी थंडगार होतं आणि पायाखालचा गाळ बोटांतून वर येत होता. मागून बाई ओरडत होत्या आणि तिला फक्त एवढंच कळत होतं की हे आपण करतोय. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं होतं, कुणी सांगितलं होतं तुला? “कुणी नाही,” ती म्हणाली होती, आणि दिवसभर ओल्या कपड्यांत थरथरताना मनातून आनंदानं फुटत होती. तेच हे. त्रेचाळीस वर्षं त्याचा पत्ता नव्हता. लग्न झालं, मुलगा झाला, निवडून आली, त्या सगळ्यात सुख होतं, नाही असं नाही. पण त्या प्रत्येक वेळी कुणीतरी सांगितलेलं होतं.

“नाही जोडायचा,” नाजिमा म्हणाली. शिक्का जोरात वाजला.

बाहेर येऊन तिनं एबी फॉर्म एजाजला दिला आणि सांगितलं की हा नारायण पेठेत परत करून या, कुणाचा उगाच गैरसमज नको. तो स्कूटरवरून गेला. दरम्यान अभयरावांचा फोन आला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि नाजिमाला खरंच त्यांची थोडी कीव आली. “आपण काय केलंत, कळतंय का आपल्याला?” “आत्ता कुठे कळायला लागलंय,” ती म्हणाली. “हे सगळं त्या शालनताईंसाठी?” तिनं विचार केला. हो म्हणणं सोपं होतं, थोर दिसलं असतं. “माझ्यासाठी पण,” ती म्हणाली. “मी एकदा शब्द दिला होता, अभयराव. तो तुमचा होता, पण तोंड माझं होतं.” अभयरावांनी फोन हळूच ठेवला. एजाज तासाभरात फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर परतला आणि खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. ‘एबी फॉर्म एक, परत मिळाला’, खाली सही, तारीख. “पोच मागितली तुम्ही?” “मग? कागद दिला की पोच घ्यायची. तिथले साहेब चिडले. म्हणाले, तुमच्या मंडळींना समजवा जरा.” “मग?” “मी म्हटलं, साहेब, मी तीस वर्षं तिकिटं दिली. बसायला जागा नसली तरी नाही म्हटलं नाही कुणाला.” तो हे कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाला आणि चहा मागितला. शालनला ते आधी नीट कळलं नाही, मग ती जी हसायला लागली ती रस्त्याच्या कडेला खालीच बसली. पांढऱ्या साडीला धूळ लागली आणि सुखदेव ती झटकायला वाकला तर किल्ली त्याच्याच पायावर पडली. संध्याकाळी पक्षाचा निरोप मोबाइलवर आला, सहा वर्षांसाठी निलंबित. नाजिमानं तो दोनदा वाचला. कुणी सहा वर्षांची सुट्टी मंजूर करावी, तसं तिला वाटलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिला पुढे नीट क्रमानं आठवेनात. चिन्हं वाटली तेव्हा शालनला कुकर मिळाला आणि नाजिमाला शिट्टी. मागून घेतलेली नव्हती, यादीतून उरलेली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायका आपणहून ओरडायला लागल्या, कुकर शालनचा, शिट्टी भाभीची. याहून चांगली घोषणा पक्षाच्या प्रचारप्रमुखाला दोन महिन्यांत सुचली नसती. एजाजनं कपाटातून कंडक्टरची जुनी शिट्टी काढली, बस मागे घेताना वाजवायची ती, आणि तोंडानं एक शब्दही न बोलता तो गल्लीतून ती वाजवत पुढे चालायचा. लोक काय तुंबलंय, काय फुटलंय बघायला बाहेर यायचे आणि समोर नाजिमा हात जोडून उभी. हॉस्टेलच्या मुलींनी डब्यांच्या झाकणांवर कुकरची चित्रं चिकटवली. त्यांची मतं सगळी गावाकडे, इथे एकीचंही नाही. तरी त्या रोज दुपारी तास-दीड तास फिरत. सोसायट्यांमध्ये दारं अर्धीच उघडायची. “पक्ष का सोडलात?” एका निवृत्त प्राध्यापकांनी साखळी न काढता विचारलं. जुन्या नाजिमानं या प्रश्नाचं पाच मिनिटं उत्तर दिलं असतं. “शब्द दिला होता हिला, तो पाळायचा होता,” ती म्हणाली. प्राध्यापक साखळीमागून शालनकडे बघत राहिले. “असं कारण प्रथमच ऐकतोय,” ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना शालननं विचारलं, हे मत देतील का हो? नाजिमाला माहीत नव्हतं. पूर्वी तिला हे प्रत्येक दाराबाबत माहीत असायचं, यादीवर ती हिरवी, लाल, निळी खूण करायची. आता यादीच नव्हती. पाय दुखायचे. चालताना मधेच तिच्या लक्षात यायचं की आपण काहीतरी गुणगुणतोय. दीपाली एकदा चौकात भेटली, प्रचाराच्या जीपमध्ये उभी, ऊन लागून नाक लाल झालेली. तिनं चोरटेपणानं हात हलवला आणि नाजिमानंही हलवला.

मतमोजणीच्या दिवशी मात्र तिला भीती वाटली. हॉलमध्ये जाळीच्या अलीकडे उभी असताना, फेरीमागून फेरी आकडे येत असताना, ती बोटांवर बेरजा करत राहिली. क गटात ती दुसऱ्या फेरीपासून मागे होती आणि मागेच राहिली. पक्षानं तिच्याऐवजी पाठिंबा दिलेली दुसरी अपक्ष उमेदवार सहाशे बारा मतांनी निवडून आली. सहाशे बारा. पक्षाच्या चिन्हावर आपण सहज आलो असतो, हा हिशेब डोक्यात आपोआप झाला. खोटं कशाला, ती खुर्ची, तो सभागृहातला पिवळा उजेड, मॅडम म्हणून उठून उभे राहणारे शिपाई, सगळं एकदम समोर आलं आणि गेलं. ती भिंतीला टेकली. शेजारी शालन डोळे गच्च मिटून उभी होती, तिच्या गटाची शेवटची फेरी चालू होती, आणि तिचे ओठ हलत होते. कर्ण्यावर आकडे आले. अ गट, शालन सुखदेव ओव्हाळ, अपक्ष. पुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण जाळीपलीकडून सुखदेवनं आरोळी ठोकली होती, आणि शालनचे डोळे अजून मिटलेलेच होते. “काय झालं? भाभी, काय झालं?” ती विचारत होती. “दोनशे चाळीसनं,” नाजिमा म्हणाली. “दोनशे चाळीसनं काय? पडले?” “आलीस गं.” शालननं डोळे उघडले. तिनं नाजिमाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला नाही, घाबरलेपण आलं. “आणि तुम्ही?” “मी पडले.” “मग मी एकटी कशी जाऊ तिथं?” नाजिमानं तिला घट्ट धरलं. तिच्या अंगाला फोडणीचा वास येत होता, आज सकाळीही डबे करूनच आली असणार. गुलाल आला, कुणीतरी दोघींनाही माखला. पडलेल्या उमेदवाराला लावायचा नसतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही, नाजिमाच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी ती उशिरापर्यंत झोपली. उठली तेव्हा उशीवर गुलाबी डाग होता आणि एजाज गॅलरीत पेपर वाचत होता. आज कुठेही जायचं नव्हतं. चहा घेऊन ती खिडकीत बसली. खालून मुली कॉलेजला चालल्या होत्या, एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता, किंवा कुत्रा त्याला. कितीतरी वेळ ती तशीच बसून होती आणि तिला काही नको होतं. मग बेल वाजली. दारात वस्तीतल्या बायडाबाई, धापा टाकत, पदर खोचलेला. “भाभी, चेंबर तुंबलंय. समदं पानी घरात शिरायला लागलंय. लवकर चला.”

नाजिमा उठली, टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर नंबर लिहायला लागली. लिहिताना तिला मजा वाटत होती. आकडे तिनं मोठे, वळणदार काढले आणि खाली रेघ मारली. “बायडाबाई, आता हे काम माझं नाही. आता शालनताईंकडे जायचं. नगरसेविका शालनताई ओव्हाळ. नीट म्हणून बघा.”

“त्यांच्याकडंच गेलते की,” बायडाबाई कागद न घेता म्हणाल्या. “त्या डबे भरत्यात. म्हनल्या, माझं आवरस्तोवर भाभींना घेऊन जा, त्यांना म्हाईत हाय कुनाला फोन लावायचा.”

गॅलरीतून पेपर खाली आल्याचा आवाज झाला. नाजिमा दारात उभी राहून हसत सुटली. बायडाबाई चमकून बघायला लागल्या, तरी तिला थांबता येईना. तिनं चौकटीला धरलं, डोळे पुसले आणि पायानं चपला चाचपल्या.

“चला,” ती म्हणाली, “दाखवा कुठं तुंबलंय.”